औंढ्याच्या नाक्यावरची बेचाळीस मिनिटं

औंढ्यातल्या एका मावशींवर अन्याय झाला. गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, औंढ्याहून लोणावळ्यात येणाऱ्या रस्त्यावर त्यांची रिक्षा अडवली आणि बारा बावन्नला सोडली. साडेबाराला त्यांना डायलिसिसच्या मशीनवर असायला हवं होतं. अडवणारा मी होतो.

मी पत्रकं लिहितो. कॉलेज सुटल्यापासून हेच करतोय. कुणाची पाण्याची लाइन बंगलेवाल्याने फिरवली, कुणाचं रेशन बंद झालं, कुणाच्या बांधावर हॉटेलने सांडपाणी सोडलं. आमच्यात पत्रकाची सुरुवात ठरलेली असते: कुणावर, कधी, कुठे, कुणी. या वेळी शेवटच्या जागी आम्हीच होतो, म्हणून पत्रक निघालं नाही. दोन बैठका झाल्या तरी निघालं नाही. तिसऱ्या बैठकीला जायची माझ्यात ताकद नाही. इथे लिहून टाकतो. नावं घालत नाही, मावशींनीच नको म्हणून सांगितलंय.

पावसाळ्यात शनिवार-रविवारी पवनेच्या काठी तंबूत राहायला जाणाऱ्या गाड्यांनी आमचा रस्ता भरतो. इतका, की औंढ्याचा माणूस भाजी आणायला निघाला तर घरी परत कधी येईल ते सांगता येत नाही. खूप भांडून आम्ही एक गोष्ट मिळवली होती. त्या दोन दिवशी रस्ता एकेरी. पाहुण्यांच्या गाड्या नुसत्या जाणार आणि लांबच्या वाटेने परत फिरणार. उलट दिशेने लोणावळ्याकडे यायची मुभा फक्त स्थानिकांना. स्थानिक कोण, याची यादी आमच्या संघटनेने ठेवायची, आणि नाक्यावर बंदोबस्ताच्या हवालदारांबरोबर आमचा एक कार्यकर्ता उभा करायचा.

पहिल्या पावसाळ्यात वही होती. ती भिजली, ते एक वेळ चाललं असतं. पण वहीवाला ओळखीच्या गाड्या न बघता सोडायचा. त्याच्या मित्राचा मेव्हणा पुण्याहून आला की तोही स्थानिक व्हायचा. आणि ज्याची ओळख नाही त्याला पानं उलटत पावसात उभं करायचा. यावर बोंब मारली ती मीच. बैठकीत उभा राहून म्हणालो, ओळख नको, नोंद पाहिजे. गाडीचा नंबर टाकायचा. असेल तर हिरवं, नसेल तर लाल. तिथे कुणी मामा नाही, कुणी मावशी नाही. टाळ्या पडल्या होत्या.

अ‍ॅप माझ्या वराळ्याच्या मैत्रिणीने बनवलं. ती एका कंपनीत हेच काम करते आणि सुट्टीच्या दिवशी आमच्यासाठी फुकट राबते. बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानामागची खोली हे आमचं ऑफिस. तिथे बसून तिने मला समजावलं, त्यातलं मला कळलं ते असं. यादी एका ठिकाणी आणि अ‍ॅप दुसऱ्या ठिकाणी. यादी क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या भाड्याच्या मशीनवर. कारण ऑफिसातला संगणक त्याआधी एकदा बसला होता आणि जाताना सगळी कागदपत्रं घेऊन गेला होता. अ‍ॅप मात्र त्याच संगणकावर, दुरुस्त करून, कारण दुसरा नव्हता. नाक्यावरच्या फोनमध्ये नंबर टाकला की तो ऑफिसातल्या संगणकाकडे जाणार, संगणक डेटाबेसला विचारणार, आणि उत्तर त्याच वाटेने फोनवर परत येणार.

"डेटाबेस वाटेल त्याला उत्तर देत नाही," ती म्हणाली. "त्याचा पत्ता बरोबर लागतो, आपलं नाव लागतं, पासवर्ड लागतो. शिवाय आपण कुठून बोलतोय ते तो बघतो. आपल्या ऑफिसच्या इंटरनेटला बाहेरून जो नंबर आहे तो मी त्याला सांगून ठेवलाय. त्या नंबरवरून हाक आली तरच दार उघडेल."

"आणि नाही उघडलं तर?"

"तेच विचारतेय तुला. फोनवर काय दाखवायचं? उत्तरं तीन आहेत. नोंद आहे, नोंद नाही, आणि विचारताच आलं नाही."

पत्रक लिहिणाऱ्याच्या हाताला एक सवय लागते. जागा अर्ध्या पानाची, वाचणारा एसटीच्या दारात. 'बहुधा', 'कदाचित', 'समजू शकलं नाही' हे शब्द पहिल्या फटक्यात खोडायचे. ज्या काकांच्या हाताखाली मी शिकलो ते सांगायचे, "पत्रकात 'आम्हाला माहीत नाही' असं छापलंस, तर समोरचा ते फ्रेम करून भिंतीला लावेल." मी आयुष्यात तसं कधी छापलं नव्हतं. त्या दिवशीही छापणार नव्हतो.

"तीन नको," मी म्हणालो. "तिथे पाऊस, हॉर्न, शिव्या. त्यात कार्यकर्ता तुझी तिसरी ओळ वाचत बसेल? हिरवं आणि लाल. आहे किंवा नाही."

"अरे, विचारता आलं नाही म्हणजे नाही नव्हे."

"त्यालाही लाल दाखव. चुकून सोडण्यापेक्षा चुकून अडवलेलं बरं."

तिने माझ्याकडे बघितलं. "तू सरकारी नोकरीत का नाही गेलास रे," म्हणाली, आणि मी सांगितलं तसं करून दिलं.

त्या शनिवारी सकाळी अर्धा तास लाइट गेली. लोणावळ्यात पावसाळ्यात लाइट जाणं म्हणजे काही बातमी नव्हे. परत आल्यावर झेरॉक्सवाल्या भाऊंनी मला फोनही केला, "आलं रे सगळं, डब्याचे दिवे लागले." डबा म्हणजे राउटर. राउटर बंद होऊन चालू झाला की इंटरनेटवाला त्याला बाहेरचा नवाच नंबर देऊ शकतो, हे ना भाऊंना माहीत होतं ना मला. मैत्रीण म्हणते तिने मला सांगितलं होतं. सांगितलं असेल. तर त्या क्षणापासून डेटाबेसच्या लेखी आमच्या ऑफिसातून कुणी परकाच हाका मारत होता. त्याने दार उघडलं नाही. त्याचं काही चुकलं नाही. इकडे अ‍ॅप मात्र, मीच सांगितलेलं असल्यामुळे, प्रत्येक नंबरला लाल दाखवत होतं.

मी नाक्यावर आठपासून उभा होतो. चार तास हे माझ्या लक्षात आलं नाही. का आलं नाही ते लिहायला सगळ्यात जड जातंय.

दूधवाले आबा मोटारसायकलवरून आले, मी हात केला, ते गेले. शाळेतल्या बाई स्कूटीवरून आल्या, "आज तुझी पाळी का रे?" म्हणाल्या, गेल्या. पोल्ट्रीचा टेम्पो गेला. सरपंचांचे भाऊ गेले. यांचे नंबर कोण टाकत बसतंय? फोनची काच ओली, बोटं ओली. मी नंबर टाकले ते फक्त अनोळखी गाड्यांचे. आणि सकाळपासून आलेल्या सगळ्या अनोळखी गाड्या पाहुण्यांच्याच होत्या, एकेरीतून उलट्या घुसू पाहणाऱ्या. एकाची आई आजारी होती. एकाचं विमान सुटत होतं. तिसऱ्याचीही आईच आजारी होती, ती मागच्या सीटवर वेफर्स खात बसली होती. लाल, लाल, लाल. दर वेळी बरोबर. बारा वाजेपर्यंत माझा त्या फोनवर स्वतःपेक्षा जास्त विश्वास बसला होता.

मग रिक्षा आली. चालवणारा माझ्याच वयाचा. मागे बुरख्यातल्या एक बाई, मांडीवर उशी आणि घडी घातलेलं पांघरूण. मी खंडाळ्याचा. औंढ्यातली बरीच घरं मला आमच्या बैठकांमुळे माहीत. मुसलमानांची घरं आहेत हे माहीत होतं, पण तिथे आम्ही कधी बैठक घेतली नव्हती. का, ते मला विचारू नका. कुणी ठरवून टाळलं नव्हतं. घेतली नव्हती एवढंच.

"औंढ्याचीच गाडी हाय दादा," तो म्हणाला. "नोंद केलीय आमी."

मी नंबर टाकला. लाल. काच पुसून पुन्हा टाकला. लाल.

"यात नाहीये."

"आसं कसं न्हाई? मीच फॉर्म भरून दिला की. चाचीला डायलिसिसला न्यायचंय, साडेबाराला लावत्यात मशीन."

"फाईल दाखवा."

"फाईल तितंच असती, सेंटरला."

सकाळपासूनची तिसरी आजारी बाई, असं माझ्या मनात आलं. मी हवालदारांकडे बघितलं. ते रेनकोटाच्या टोपीतून म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? तुमच्या यंत्रात नाही तर मी कसा सोडू. तुम्हीच म्हणालात ना, ओळखपाळख चालणार नाही." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी त्यांना दोन शनिवार बसवून हेच पढवलं होतं.

मी रिक्षा चालवणाऱ्या त्या पुतण्याला लांबच्या वाटेने जायला सांगितलं. त्या वाटेवर गाड्या हलत नव्हत्या, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्याने रिक्षा ढकलत कडेला घेतली आणि कुणाकुणाला फोन लावत राहिला. रेंज येत-जात होती. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं, मला ओरडणाऱ्यांची सवय आहे. बाई एकदाच बोलल्या.

"भाऊ, परत एक डाव बघा की. खोडलं का आमाला?"

"खोडत कुणी नाही मावशी. जे यंत्रात आहे तेच आहे."

हे वाक्य माझं आहे. मी ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून त्यावर पत्रकं काढलेली आहेत. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात एका विधवेला खिडकीतून सांगितलं होतं, तुमचं नाव यादीत येत नाही. तेव्हा मी त्या क्लार्कवर अख्खं पान लिहिलं होतं, आणि त्याच्या पडद्यामागे काय चाललं होतं ते विचारायलाही गेलो नव्हतो.

पावणेएकच्या सुमारास दूधवाले आबा रिकामे कॅन घेऊन बाजारातून घरी परत निघाले होते. रिक्षा बघून थांबले.

"भाभीला का हुभं केलंय हितं?"

"यंत्रात नाहीत आबा."

"आन मी हाय व्हय यंत्रात? सकाळच्याला हात हलवून सोडलंस मला. टाक माझा नंबर."

मी टाकला. लाल. आबा वाकून बघत होते.

"मीबी न्हाई? मग माझ्या म्हशी कुटल्या म्हनायच्या आता?"

मी माझ्या गाडीचा नंबर टाकला. ती मी स्वतः, पहिल्या दिवशी, पहिल्या क्रमांकावर घातली होती. लाल.

रिक्षा सुटली तेव्हा बारा बावन्न झाले होते. कुणी सोडली म्हणाल, तर आबांच्या ओळखीने सुटली.

मैत्रिणीला फोन लावला. ती वराळ्याला घरीच होती. तिने डेटाबेस उघडून बघितला. "आज सकाळपासून तुमचा एकही प्रश्न इथपर्यंत पोचलेला नाही. कनेक्शन नाकारलंय, दर वेळी. बाहेरचा नंबर बदललाय तुमचा." नवा नंबर घालायला तिला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "आता बघ," म्हणाली. मी रिक्षाचा नंबर टाकला. हिरवं. खाली गाव औंढे, आणि त्याखाली शेरा: डायलिसिस, मंगळ-गुरु-शनि, आधी सोडणे. फॉर्म बघून यादी संगणकात भरली होती मी. शेरा माझ्या हातचा होता.

सेंटरमध्ये मावशींच्या खुर्चीवर तोवर पुढचा पेशंट बसवला होता. त्यांनाही दोष देता येत नाही, रांग मोठी असते. मावशींना शेवटी चार तासांऐवजी दोन तास मिळाले. अंगातलं पाणी अर्धंमुर्धंच निघालं. रविवारी संध्याकाळी त्यांना धाप लागली, तळेगावला नेलं, ऑक्सिजनवर ठेवलं. मंगळवारचं डायलिसिस तिथेच झालं आणि बुधवारी त्या घरी आल्या. वाचल्या. यात माझं कर्तृत्व काही नाही.

गुरुवार त्यांचा मशीनचा, म्हणून मी शुक्रवारी गेलो. पुतण्याने दार उघडलं, बाजूला झाला. मावशी खाटेवर बसल्या होत्या, पाय उशीवर. मला चहा दिला. स्वतः दोन घोट घेतले, त्यांना पाणी मोजून मिळतं. मी लाइट, राउटर, बदललेला नंबर, सगळं सांगितलं. जरा जास्तच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी यादीत आमी व्हतो."

"होतात मावशी. पहिल्यापासून."

"मग त्ये न्हाई का म्हनलं?"

"त्याला विचारताच आलं नव्हतं."

"मग तसं म्हनायचं." त्यांनी पायावरचं पांघरूण नीट केलं. "मला वाटलं, खोडलं. रिक्षात बसून त्योच इचार. कुनाशी भांडन झालं, कोन काय बोललं, आमचं पोरगं कुनाला उलट बोललंय का. दवाखान्यात नाकाला नळी व्हती तरी त्योच इचार. हितं आमची चौथी पिढी हाय. पर एकदा न्हाई म्हनलं की मानसाला वाटतं, आसंल बाबा, कुनीतरी ठरवलं आसंल."

मी म्हणालो, आता दुरुस्त केलंय, पुढच्या शनिवारी नेहमीच्या वेळेला निघा.

"आता आमी सातला निघतो," पुतण्या दारातून म्हणाला. "तुमचा नाका लागायच्या आदी. तितं बाकड्यावर बसतो साडेबारापर्यंत."

"पाच तास? अहो, मी स्वतः उभा असेन नाक्यावर."

"तू आसशील रे," मावशी म्हणाल्या. "तू नसल्यावर?"

चहा संपवून निघालो.

बैठकीत जे झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्ही कुठल्याही संघटनेत ऐकलेलं असेल. एक म्हणाला, 'तांत्रिक अडचणीमुळे गैरसोय' असं दोन ओळीत छापू. एक म्हणाला, छापलं तर एकेरी रस्ता जाईल, आपले विरोधक टपलेलेच आहेत. एकाने उपाय सुचवला की डेटाबेसचं दार सगळ्यांनाच उघडं ठेवा, म्हणजे नंबर बदलला तरी अडायला नको. त्यावर माझी मैत्रीण म्हणाली, "त्यात अख्ख्या गावाचे फोन आहेत, कोण कुठल्या दिवशी घरी नसतं ते आहे, कुणाचे आजार आहेत. उघडं ठेवते. पुढचं पत्रक त्याच्यावर काढा."

तिने अ‍ॅपही त्या संगणकावरून काढून क्लाउडवर हलवलं, डेटाबेसच्या शेजारी, जिथे नंबर बदलत नाही. नाक्यावरच्या फोनवर आता तिसरा रंग आहे, पिवळा. त्यावर मी लिहिलेलं वाक्य आहे: विचारता आलं नाही, गाडी सोडा. हवालदार म्हणाले, मग लाइट गेली की पाहुणे घुसतील. मी म्हटलं, घुसू देत.

ओळखीच्या गाड्यांचेही नंबर आता टाकतो. शाळेतल्या बाई रागावतात. "मला ओळखत नाहीस का?" म्हणतात. ओळखतो, म्हणूनच टाकतो, हे दर शनिवारी सांगायचं. दमायला होतं. त्या विधवेच्या क्लार्कची आठवणही अधूनमधून येते. त्याच्या पडद्यावरही कुणा माझ्यासारख्याने दोनच रंग ठेवले असतील. म्हणून त्याचा अन्याय कमी होत नाही, आणि माझाही होत नाही.

पावसाळा संपला, पुन्हा येईल. मावशी अजून शनिवारी सातलाच निघतात. एकेरी नसलेल्या दिवसांतही. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, चाची ऐकत न्हाई.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्या सोसायटीच्या गेटवर, दवाखान्याच्या खिडकीत, शाळेत, रेशनच्या दुकानात, जिथे नाव टाकून माणसाला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं ते ठरतं, तिथे तुमचं काही चालत असेल, तुम्ही चेअरमन असाल, डॉक्टर असाल, नुसते मेंबर असाल, तर उद्या जा. भर कामाच्या वेळेत जा. इंटरनेटची वायर काढा. ज्याचं नाव यादीत आहे हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, अशा माणसाचं नाव टाका. पडदा 'नाही' म्हणाला, तर ज्याने तो बनवला त्याला तिथल्या तिथे बोलवा, आणि 'मला विचारता आलं नाही' एवढं त्या पडद्याला म्हणता येईपर्यंत कुणालाही बाहेर उभं करू नका.